निकॉन डी७०: सेन्सर साफ केला तरी डाग परत येतात, ते कुठून?

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्याचं दुखणं हेच आहे का ते कळेल. आभाळाच्या फोटोत करडे, मऊ कडांचे गोल ठिपके. एफ/४ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं ठेवून काढलेल्या फोटोत दिसत नाहीत, एफ/१६ ला, छिद्र बारीक केल्यावर, ठळक दिसतात. लेन्स बदलली तरी जागचे हलत नाहीत. ब्लोअरने, म्हणजे रबरी फुग्याच्या पंपाने, हवा मारली की जातात, दोन-चार दिवस सगळं छान चालतं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर. फक्त जागा बदललेली.

माझ्या डी७० मध्ये हे वर्षभर चाललं होतं. एवढ्या काळात मी सेन्सर किती वेळा साफ केला ते सांगायला लाज वाटते. चूक सफाईत नव्हतीच. डाग सेन्सरवर दिसतो म्हणून मी सेन्सरच्याच मागे लागलो होतो, आणि धूळ मात्र भलत्याच ठिकाणी मुक्काम करून होती.

कॅमेऱ्याबद्दल थोडंसं, ज्यांच्या हातात तो नुकताच आला आहे त्यांच्यासाठी. निकॉनने डी७० जाहीर केला जानेवारी २००४ मध्ये. ६.१ मेगापिक्सेलचा सीसीडी जातीचा सेन्सर, फोटो ३००८ बाय २००० पिक्सेलचा, अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत ९९९ डॉलर. फिल्मवर वर्षानुवर्षं काम केलेल्या हौशी लोकांना डिजिटल एसएलआर घेणं ज्या काळात पहिल्यांदा शक्य वाटू लागलं, तो हा काळ. मी माझा पुष्कळ नंतर, सेकंडहँड, फोर्टातल्या बोरा बाजारातून घेतला. अजून वापरतो, कारण शटर १/५०० सेकंदाइतकं वेगवान ठेवलं तरी फ्लॅश त्याच्याशी जुळतो (सिंक होतो) आणि भर उन्हात माणसांचे फोटो काढताना त्याची किंमत कळते. सीसीडीचे रंग वेगळे असतात की नाही हा वाद इथे नको, त्यात रात्र जाईल.

धुळीच्या बाबतीत या कॅमेऱ्यात स्वतःची काहीच सोय नाही. सेन्सरवरची काच थरथरवून धूळ झटकायची युक्ती ऑलिंपसने २००३ च्या ई-१ मध्ये आणली होती, पण बाकीच्यांकडे ती यायला वेळ लागला. सोनी अल्फा १०० मध्ये (काचेऐवजी अख्खा सेन्सर हलवून) आणि कॅनन ४००डी मध्ये ती २००६ मध्ये आली, निकॉनकडे २००७ च्या डी३०० मध्ये. त्याआधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत झटकायचं काम आपलंच. फिल्मवाल्यांना हा ताप नव्हता, कारण प्रत्येक फोटोला कोरी फिल्म पुढे सरकायची. एखादं कुसळ आलंच तर एका फोटोपुरतं. इथे एकच फिल्म जन्मभर.

धूळच आहे ना, हे आधी ठरवा

व्ह्यूफाइंडरमधून काळे कण किंवा तूस दिसतंय आणि फोटोत नाही? मग ते फोकसिंग स्क्रीनवर किंवा आरशावर आहे. फोटोला त्याने काहीही होत नाही. हलक्या हवेने गेलं तर ठीक, नाहीतर सोडून द्या. आरशाची चकाकी काचेच्या मागे नसून पुढच्याच अंगाला असते. बोट किंवा कापड लागलं की कायमचा ओरखडा. व्ह्यूफाइंडरमधल्या कणाचा फोटोशी काही संबंध नाही, हे न कळल्यामुळे आरसा घासून बसलेले दोघे जण मला माहीत आहेत.

ठिपका अगदी टोकदार, एका पिक्सेलचा, लाल किंवा निळा किंवा पांढरा असेल आणि लांब एक्सपोजरलाच दिसत असेल, तर तो हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरचाच बिघडलेला पिक्सेल. ब्लोअर मारून जाणार नाही.

ठिपका झूमबरोबर लहानमोठा होत असेल किंवा लेन्स बदलल्यावर गायब होत असेल, तर लेन्स तपासा. खरं तर लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ फोटोत सहसा ठिपका म्हणून उमटत नाही, फार झालं तर फोटो फिका पडतो. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरली तरी असाच धुरकटपणा येतो. त्याचा इलाज वेगळा.

उरले ते एकाच जागी राहणारे, अ‍ॅपर्चर लहान केल्यावर गडद होणारे मऊ ठिपके. ते लो-पास फिल्टरवरचे. आपण "सेन्सर पुसतो" म्हणतो, पण पुसतो ती सेन्सरपुढची ही काच. कण आणि खरा सेन्सर यांच्यात थोडं अंतर राहतं आणि सगळी गंमत त्या अंतरात आहे. समजा, ते अंतर १ मिलिमीटर आहे. एफ/४ ला एका बिंदूकडे येणारा प्रकाशाचा शंकू त्या काचेपाशी पाव मिलिमीटर रुंद असतो. ०.०५ मिलिमीटरचा कण त्यातला फक्त चार टक्के प्रकाश अडवतो, डोळ्याला कळतही नाही. एफ/२२ ला तोच शंकू ०.०४५ मिलिमीटरवर येतो, म्हणजे कणापेक्षा बारीक. आता कण सगळा प्रकाश अडवतो. सावली कडेच्या मऊपणासकट साधारण ०.१ मिलिमीटरची पडते. डी७० चा पिक्सेल ७.८ मायक्रॉनचा, म्हणजे बाराएक पिक्सेल झाले. बारा इंच रुंद प्रिंटवर सव्वा मिलिमीटरचा डाग. आभाळात तो पाहणाऱ्याला हमखास दिसतो.

कॅमेऱ्याच्या १.८ इंची पडद्यावर यातलं काही दिसायचं नाही, आणि लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर थेट दृश्य) या पिढीत नाहीच. तेव्हा टेस्ट शॉट काढून कॉम्प्युटरवरच पाहायचा. मोड ए (छिद्र आपण ठरवायचं), अ‍ॅपर्चर एफ/२२, आयएसओ २०० (डी७० यापेक्षा खाली जात नाही), फोकस मॅन्युअल करून अनंतावर, एक्सपोजर अधिक १. पांढऱ्या कागदाच्या अगदी जवळ जा आणि शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवा. हात हलला म्हणून घाबरू नका, हलायलाच हवा. कागदाचा पोत पुसला जातो आणि सेन्सरबरोबर हलणारे ठिपके तेवढे शाबूत राहतात. मग कॉम्प्युटरवर कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. पहिल्यांदा हे करणाऱ्याला धक्का बसतो. वीसेक ठिपके दिसले तरी कॅमेरा विकायला काढू नका. एफ/८ पर्यंत काम करणाऱ्याला त्यातले दोन-तीनच कधीतरी दिसतील.

साफ केल्यावर परत का येतात

लेन्स काढली की धूळ थेट सेन्सरवर पडते, असा माझा समज होता. तसं होत नाही. लेन्स काढलेली असते तेव्हा आरसा खाली असतो आणि त्याच्या मागे शटरचा पडदा बंद असतो. सेन्सर दोन दारांच्या आत. धूळ बसते ती मिरर बॉक्समध्ये, म्हणजे आरशाच्या पुढच्या त्या काळ्या डबीत. मग आपण फोटो काढतो, आरसा फाडकन वर जातो, हवा ढवळली जाते, शटर उघडतं आणि डबीतला एखादा कण आत जातो. कधी दहाव्या क्लिकला, कधी तीनशेव्या. म्हणून आज साफ केलेला सेन्सर पुढच्या रविवारी मळलेला दिसतो, आणि त्यामधल्या काळात आपण लेन्स काढलेलीसुद्धा नसते.

मिरर बॉक्समध्ये धूळ येते कुठून? लेन्सच्या मागच्या तोंडावरून, लेन्सच्या मागच्या कॅपमधून, बॉडी कॅपमधून, बॅगेच्या अस्तरातून. आत-बाहेर होणाऱ्या झूममधून हवा खेळते, त्या हवेबरोबर. सिलिका जेलची पुडी फाटली असेल तर तिच्यातूनही. खुद्द ब्लोअर बॅगेच्या तळाशी लोळत असेल तर तो पोटात धूळ भरून घेतो आणि सेन्सरवर सोडतो.

यातलं तुमच्याकडे कोणतं, ते अंदाजाने ठरवू नका. एक संध्याकाळ घालवा आणि एकेक वाट बंद करून पाहा. मी असं केलं:

सेन्सर साफ करून टेस्ट शॉट घेतला, कोरा आला. लेन्स न काढता पन्नास क्लिक केले, पुन्हा टेस्ट. एक नवा ठिपका. म्हणजे डबीत थोडी धूळ होती, पण फार नाही. मग झूमची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस वेळा फिरवली, मध्ये क्लिक करत, पुन्हा टेस्ट. काही नाही. मग लेन्स काढली, बॉडी कॅप लावली, लेन्सला मागची कॅप लावली, दोन्ही बॅगेत ठेवली आणि झोपलो. सकाळी लेन्स चढवून पन्नास क्लिक. नऊ ठिपके.

चोर सापडला होता. मागच्या कॅपच्या आतल्या खाचेतून ओल्या पांढऱ्या टिश्यूची कड फिरवली, ती पिवळी झाली.

हळद. जेजुरीचा भंडारा. आदल्या वर्षी सोमवती अमावस्येला गेलो होतो. खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेच्या अंघोळीला निघते तेव्हा हवेत काय असतं ते जाऊन आलेल्याला सांगायला नको, आणि न गेलेल्याला सांगून पटणार नाही. "येळकोट येळकोट जय मल्हार" झालं की वरून पिवळं आभाळ कोसळतं. त्यात मी अतिशहाण्यासारखा पायऱ्यांच्या कडेला, डोक्यावर उपरणं घेऊन, लेन्स बदलली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. काढलेल्या लेन्सची मागची कॅप शर्टाच्या खिशात होती आणि खिशात भंडारा होता. त्यानंतर वर्षभर मी सेन्सर पुसत राहिलो आणि रोज रात्री तीच कॅप लावून लेन्सला पुन्हा भंडारा लावत राहिलो. ठिपक्याच्या रंगावरून काही कळलं नाही, कारण फोटोत कणाचा रंग येत नाही, त्याची सावली येते, आणि ती करडीच असते.

पुण्यातल्या एका जुन्या मेकॅनिक काकांना हे सांगितलं तेव्हा ते हातातल्या कामावरून नजर न काढता म्हणाले, "अहो, माझ्याकडे येणारे निम्मे सेन्सर पुसायला येतात. झाकणं कोणीच आणत नाही."

मग करायचं काय, आणि कोणत्या क्रमाने

सेन्सर शेवटी. आधी सगळ्या कॅप कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवा. खाचा, आट्या, सगळं. पूर्ण वाळू द्या. उन्हात गॅलरीत ठेवू नका, रस्त्याची धूळ बसते. कॅप फार जुनी, आट्या झिजलेली असेल तर फेकून नवी घ्या. घासून घासून ती स्वतःच प्लास्टिकची भुकटी सोडते. बॅग रिकामी करून व्हॅक्यूम क्लीनरने आतून ओढून घ्या, कप्प्यांचे फोम वेगळे काढून. ब्लोअर बाहेर हवेत वीसेक वेळा दाबून रिकामा करा आणि यापुढे झिपच्या पिशवीत ठेवा. लेन्सचं मागचं धातूचं तोंड मायक्रोफायबरने पुसा, तेही लेन्सचं ते तोंड खाली धरून.

आता बॉडी. कॅमेरा बंद ठेवा, तोंड जमिनीकडे. आरसा खालीच असू द्या आणि आधी डबीत हवा मारा, कोपऱ्याकोपऱ्यात. इथली धूळ न काढता आरसा वर केलात तर तीच हवा तिला आत ढकलते. इतकी साधी गोष्ट, पण मी वर्षभर उलटं करत होतो. कॅमेरा वीस वर्षांचा आहे, तेव्हा आरसा वर आदळतो तिथली फोमची पट्टी टॉर्चने पाहून घ्या. जुन्या फिल्म एसएलआरमध्ये ही पट्टी सडून काळे चिकट कण सोडते. तुमच्याकडे तसं दिसलं तर पट्टी बदलून घेतल्याशिवाय बाकीची सफाई वाया.

त्यानंतर सेटअप मेन्यूमधून मिरर लॉक-अप, म्हणजे आरसा वर अडकवून ठेवायची सोय. मॅन्युअल यासाठी एसी अडॅप्टर वापरायला सांगतं, कारण वीज गेली तर आरसा आणि शटर खाली येतात आणि मध्ये जे असेल त्यावर आदळतात. बल्ब मोडमध्ये (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं) शटर दाबून धरून सफाई करायचा शॉर्टकट मित्र सुचवतील. करू नका. बोट निसटलं की शटरचे पडदे स्वॉबवर, म्हणजे सेन्सर पुसायच्या चपट्या काडीवर. नवं शटर बसवायचा खर्च या कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीपेक्षा जास्त होईल.

तोंड खाली ठेवूनच ब्लोअर मारा. नळी माउंटच्या आत घालू नका. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचा एक तुषार धुळीपेक्षा वाईट. डब्यातली कॉम्प्रेस्ड हवाही नको, तिच्यातून थंड द्रव उडतो आणि काचेवर वाळतो. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या तर अजिबात नकोत, त्यांचे तंतू सुटतात.

टेस्ट शॉट घ्या. राहिलेला ठिपका सेन्सरवर कुठे शोधायचा? समोरून, माउंटमधून पाहताना डावं-उजवं तेच राहतं, फक्त वर-खाली उलटतं. फोटोत डावीकडे वर असेल तर सेन्सरवर डावीकडे खाली. आत पडलेली धूळ तळाशी जास्त सापडते, आणि फोटोत तीच आभाळाची जागा. आपलं नशीब.

सुक्या हवेने न जाणारे डाग चिकटलेले असतात: परागकण, तेल, माझ्या बाबतीत हळदीचे काही कण. यांना सुका ब्रश लावू नका, तेलकट पदार्थ पसरतो आणि एका ठिपक्याची रेघ होते. ओली सफाई करा. डी७० चा सेन्सर २३.७ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे, म्हणून एपीएस-सी (या आकाराच्या सेन्सरचं नाव) साठी मिळणारे १६ मिलिमीटर रुंदीचे स्वॉब घ्या, म्हणजे एका ओढीत पूर्ण उंची येते. सेन्सर सफाईसाठीच बनवलेल्या द्रवाचे दोन थेंब टोकावर टाका, थोडं थांबा, ओथंबलेलं नको. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सलग ओढ, मग स्वॉब उलटून दुसऱ्या बाजूने परत. झालं. तो स्वॉब सेन्सरला पुन्हा लावायचा नाही. वापरलेल्या स्वॉबने मी डबीचा तळ पुसून घेतो आणि मग टाकतो. सफाईचा द्रव अनेकदा मिथेनॉल असतो: विषारी आणि पटकन पेट घेणारा. खिडकी उघडी, देवघरातला दिवा लांब, पोरं लांब. मेडिकलमधलं स्पिरिट चालेल का, असं सगळे विचारतात. नाही. त्यात पाणी असतं, वाळताना ओघळ राहतात आणि मग ओघळ पुसायला आणखी दोन स्वॉब जातात.

हे कुठे करायचं? घरातली सगळ्यात कमी धुळीची खोली म्हणजे न्हाणीघर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत गरम पाणी थोडा वेळ सोडा, वाफ पूर्ण बसू द्या, मग दार लावून काम करा. दमट हवेत धूळ खाली बसते. पावसाळ्यात या वाफेची गरज नाही, उलट कॅमेरा बाहेर फार वेळ उघडा ठेवू नका. पंखा बंद, हे वेगळं सांगायला नको.

आणि इतकं करूनही एखादा ठिपका अगदी त्याच जागी, त्याच आकाराचा राहिला, तर पुसणं थांबवा. दोन ओल्या सफायांनंतर न हललेली गोष्ट धूळ नसते. ती काचेवरचा ओरखडा असेल, बुरशी असेल, किंवा कण काचेच्या आतल्या अंगाला गेलेला असेल. तिरप्या टॉर्चने पाहा आणि जाणकाराकडे न्या. तिसरा स्वॉब मारायचा मोह मलाही झाला होता.

यापुढे दोनच सवयी पाळल्या तरी पुरे: लेन्सला मागची कॅप लावण्याआधी तिच्यात एकदा ब्लोअर मारायचा, आणि लेन्स कॅमेऱ्यावर असताना मोकळ्या राहिलेल्या मागची कॅप आणि बॉडी कॅप एकमेकींत अडकवून ठेवायच्या, म्हणजे खिशातलं काही आत जात नाही. निकॉनच्या या दोन कॅप एकमेकींत व्यवस्थित बसतात. जेजुरीला, वारीत बुक्का उधळतात तिथे, किंवा रंगपंचमीला लेन्स बदलायचीच नाही. १८-७० ची झूम लेन्स लावा आणि जे मिळेल ते त्यात मिळवा.

आधीच डागाळलेल्या फोटोंचं काय

डी७० च्या मेन्यूत धुळीचा संदर्भ फोटो घ्यायची सोय आहे. ती फाइल निकॉनच्याच प्रोग्रॅममध्ये आणि रॉ म्हणजे एनईएफ फोटोंनाच लागू होते, आणि फोटो काढला तेव्हा धूळ जिथे होती तिथेच असेल तरच उपयोगी. सेन्सर साफ केल्यावर घेतलेला संदर्भ जुन्या फोटोंना काय कामाचा? म्हणून सफाईआधीचा टेस्ट शॉट कधी पुसून टाकू नका. रॉथेरपी नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये फ्लॅट-फील्ड म्हणून सोय आहे. त्याच अ‍ॅपर्चरला काढलेला कोऱ्या पांढऱ्याचा फोटो दिला की ठिपक्यांची सावली बऱ्यापैकी निघते. अ‍ॅपर्चर वेगळं असेल तर सावलीचा आकार जुळत नाही आणि ठिपक्याभोवती उजळ कडं उमटतं.

माझ्याकडे जेजुरीच्या दिवसाचा टेस्ट शॉट नव्हता. ते फोटो एकेक करून क्लोन टूलने (शेजारचा भाग डागावर चिकटवून) साफ करतो आहे. एक अडचण अशी की हवेत उडालेला खरा भंडारा कुठला आणि सेन्सरवरचा कुठला, हे काही फोटोंत मला अजून ठरवता आलेलं नाही. तिथे दोन्ही तसेच ठेवले आहेत.